मकतुमसाबचा काटा

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटली
की आम्ही शटर अर्धं खाली ओढतो.
लेथशेजारच्या टेबलावर विमान,
शेपटीला सुतळी, सुतळीला
मकतुमसाब भंगारवाल्याचा ताणकाटा,
आणि काटा दाराच्या कोयंड्यात.

मी थ्रॉटल वाढवते.
पंखा घुमतो, लोखंडाचा कीस फरशीवरून पळतो,
विमान पुढं ओढतं, दार जागचं हलत नाही.
"किती वडूलंय बघ की," भरमा ओरडतो.
सातशे.
मग मोटार बंद, विमान त्याच काट्याला टांगलेलं.
अकराशे चाळीस.

आम्हाला ते सरळ वर चढायला हवं होतं,
भिंतीवरच्या पालीसारखं.
म्हणून मोठी मोटार आणली.
मोटारीला मोठी बॅटरी,
बॅटरीच्या भारानं नाक खाली, म्हणून शेपटीत शिसं.
घोड्यासाठी तबेला बांधला
आणि तबेला घोड्याच्याच पाठीवर ठेवला.
ओढ हजार, वजन सोळाशे वीस.
महिन्याचा ओव्हरटाइम घालून पुन्हा तिथंच.

शेजारच्या फाउंड्रीतला इराप्पा चहाला आला,
नखांत काळी वाळू.
दोन बोटांवर विमान तोलून म्हणाला, "साकु."
पुरे.
"सगळं मोटारीनं उचलायचं,
तर मग ह्ये रेक्के कशाला?"
रेक्के म्हणजे पंख, एवढं कानडी मला येतं.

त्या रात्री जुनी मोटार परत बसवली.
शिसं काढलं, चाकं काढली, वार्निश खरवडलं.
पंखावरचं नाव भरमानं दोन्ही लिप्यांत रंगवलं होतं;
आधी कुठलं घासायचं यावर
पॉलिश पेपर हातात धरून थोडा वाद झाला,
मग दोन्ही घासली.
नऊशे वीस. ओढ तीच, सातशे.

तेव्हा मला आठवलं:
मकतुमसाबचा काटा शंभराला नव्वद दाखवतो,
हे अख्ख्या उद्यमबागेला माहीत आहे.
भरमा सुतळी गुंडाळत होता.
"वजनालाही हाच, ओढीलाही हाच," तो म्हणाला.
"दोघांशी सारखंच खोटं बोलतोय. उडतंय बघ."

रविवारी येळ्ळूरच्या शिवारात, भात कापून झालेलं,
पायाखाली धसं.
इराप्पानं दोन पावलं पळून विमान फेकलं.
आधी ते हातभर खाली आलं,
माझा अंगठा घामानं सरकला,
मग हवेनं आपला वाटा उचलला.
राजहंसगडाच्या बाजूनं वळलं तेव्हा
थ्रॉटल अर्ध्यावरच होता.

सोमवारी काटा परत दिला.
"बरोबर दाखवला न्हवं?" मकतुमसाबनं विचारलं.
"एकदम," भरमा म्हणाला.