चालू

डॉक्टर हत्तुरेबाईंनी केसपेपरवरचा पत्ता वाचला,
चष्म्याआडून म्हणाल्या, साखर पेठ?
आणि हसल्या.
मग रिपोर्ट उघडला
आणि बराच वेळ हसल्या नाहीत.

एकतीस वर्षं टॉवेलच्या मागावर उभा आहे मी.
मला वाटायचं, उभा आहे म्हणजे चालतोच आहे.
चार मागांच्या मधली सहा पावलं,
तुटलेला धागा जोडायला वाकणं,
पुन्हा सहा पावलं.
बाई म्हणाल्या, हे धरायचं नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त एक चहा सोडला,
मल्लूच्या गाड्यावरचा, दुपारी तीनचा.
मल्लू म्हणाला, उधारी फेडा की ओ, तोंड कशाला चुकवताय?
साखरेपेक्षा ही बदनामी जड गेली.

दुसऱ्या आठवड्यात रात्रीचा भात.
एकदम नाही. आधी एक मूठ कमी,
मग आणखी एक.
आमच्या घरात तेलुगू बोलतात.
ताटात वाढताना पुरे म्हणायचं, तर म्हणायचं : चालु.
आजवर हा शब्द मी
दुसऱ्यांदा वाढून झाल्यावरच वापरला होता.
आता पहिल्या पळीलाच म्हणतो
आणि माझाच आवाज मला
पाहुण्यासारखा वाटतो.

भाकरी आली. कडक, पापडासारखी,
पहिल्याच घासाला दाढ हलली.
शेंगाचटणी राहिली, तिच्यावरची तेलाची धार गेली.
या गावात कोरडी चटणी खाणं
म्हणजे सुतकात असणं.
मेथीची कच्ची पानं चावताना
खालच्या घरातली शेळी आठवायची,
तिची तब्येत बरी असते, हे मान्य.

आणि पहाटेचं चालणं.
आधी कन्ना चौकापर्यंत, धापा टाकत.
बाराव्या दिवशी दारात राजमणी उभी,
पायात माझे जुने बूट, पुढे कापूस कोंबलेले.
म्हणाली, मला कुणी सांगितलं नाही, तरी येते.
ती विड्या वळते. मांडीवर सूप घेतलं
की हजार होईपर्यंत उठत नाही,
आणि उठते तेव्हा तिच्याआधी गुडघे बोलतात.

ती पावलं कट्ट्यांत मोजते.
पंचवीस विड्यांचा एक कट्टा,
तशी पंचवीस पावलांचा एक.
कन्ना चौक किती, इतके कट्टे. तळं किती, इतके.
मोजताना तिची बोटं हवेत
पान गुंडाळत असतात.

जानेवारीत गड्ड्याला गेलो.
भजी खाल्ली. मग जिलबी.
मग जिलबी गोड झाली म्हणून परत भजी.
दुसऱ्या दिवशी पाचला
मी चादरीत तोंड घालून पडलो होतो.
आमच्याच गावची चादर, जाडजूड,
तिच्याखाली माणूस सहज हरवू शकतो.
राजमणीने पायाकडून ती ओढली
आणि एवढंच म्हणाली :
चालू.

मी पडल्या पडल्या विचार करत राहिलो,
हे तेलुगूतलं, की मराठीतलं?
पुरे झालं, असं?
की काल थांबलं ते आज सुरू?
की नुसतं, चल, आपण चालू?
विचारलं नाही.
बूट शोधले.

आता एप्रिल आहे. सहाला ऊन भिंतीवर चढतं,
म्हणून साडेचारलाच निघतो.
नवा रिपोर्ट आला. आकडा उतरलाय थोडा,
बाईंना हवा तेवढा नाही.
मल्लू आता तीन वाजता
न विचारता पाण्याचा ग्लास ठेवतो,
पैसे मात्र जुन्या उधारीत धरतो की काय, शंका आहे.

आज परत येताना आमचं दार आलं
तेव्हा राजमणी सतरावर होती.
तिने अर्धा कट्टा आयुष्यात कधी कारखान्यात दिलेला नाही.
म्हणून दार ओलांडून आम्ही पुढे गेलो,
आठ पावलं, थेट गुंडेट्यांच्या उंबऱ्यापर्यंत.
दूध घ्यायला आलेली त्यांची सून
पातेलं धरून बघत राहिली.

परत यायची आठ
आम्ही धरत नाही.