तिसरा प्याला

जॉर्जियात, काखेतीच्या खोऱ्यात
द्राक्षं उतरली की मोठं टेबल अंगणात येतं.
तिसरा प्याला बायकांसाठी.
तेंगिझ उठतो, सगळे पुरुष उठतात.
"आमच्या आया, आमच्या लेकी..."
त्याचा आवाज भरून येतो, खरंच.

आत नाझिब्रोला
अक्रोड कुटतेय डाव्या हातानं.
उजवं मनगट बाहीत सुजलंय.
काल मीठ जास्त पडलं होतं.

सासू बघते, न बघितल्यासारखं.
तिच्याही काळी मीठ जास्तच पडायचं.

वाखो, सात वर्षांचा,
दारातूनच ओरडतो : पाव!
त्याची बहीण उठलेलीच असते.

बाहेर कुणीतरी म्हणतं,
बायकांना बोलवा की रे,
त्यांच्यासाठीच पितोय आपण.

एलेने पाव ठेवून येते.
येताना बाही ओढून घेते मनगटावर,
तिच्या हाताला काही झालेलं नसताना.