फुली

एकोणीस वर्षं झाली, तरी पेन्सिल हातात आली की थबकते.
शाळेत चुकल्या गणितावर बाई फुली मारायच्या.
इथे जो हवा, त्याच्या नावापुढे मारायची.

आज मोजायला बसलेय. थॉर्नसीचा क्रीडा हॉल,
भिंतीपलीकडे तलाव, क्लोरीनचा वास पार चहात.
बॅडमिंटनच्या रेषांवर टेबलं मांडलीत
आणि मी अंगठ्याला रबरी टोपी चढवून
गावाच्या मनातलं
पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत बांधतेय.

निवडणूक कसली, तर वॉर्डाची.
कचऱ्याचा डबा आठवड्याने न्यायचा की पंधरवड्याने,
ग्रंथालय शनिवारी उघडं ठेवायचं का,
आणि धक्क्यावरचा एक्केचाळीस नंबरचा दिवा
चौदा महिने का बंद.
यात युरोप कुठे नव्हता.
युरोप होता तिथेच होता, समुद्रापलीकडे, धुक्यात.

पण पेट्या उपड्या केल्या आणि आधी तोच घरंगळला.
सगळ्या चौकटींवरून आडवं: "आधी निघा, मग मतं मागा."
एकावर नुसतं जहाज, शिडाच्या दोऱ्यासुद्धा रेखलेल्या.
एकावर, थरथरत्या अक्षरात, "आमची नात ल्यूबेकला असते."
बस एवढंच.
आणि एकाने कागदभर गटाराची तक्रार लिहून
खाली नाव, पत्ता, वर सूचना: घंटी दोनदा दाबावी.
तेही बाद. मतदार ओळखू येता कामा नये.

साडेबारा वाजले.
ऑड्री पिंचबेक, टोरी, तेवीस वर्षं नगरसेविका,
एका मताने मागे; आणि एकच कागद उरलेला, संशयाचा.
सगळे वाकले त्याच्यावर, चष्मे कपाळावरून नाकावर.
ऑड्रीपुढे फुली, अगदी चौकटीत. शेजारी शेरा:
"बाई भली. पक्ष गेला खड्ड्यात."
निवडणूक अधिकारी ओल्डरशॉसाहेबांनी
दोन्ही वाक्यं बातम्या वाचाव्यात तशी वाचली.
म्हणाले, हेतू स्पष्ट आहे. धरा.
सगळ्यांत मोठ्याने ऑड्रीच हसली.

सहाशे अकरा, सहाशे अकरा.
मग चिठ्ठ्या.
बिस्किटांचा रिकामा डबा, तळाशी साखरेचे कण,
त्यातून निघाला किअरन टास्कर, अपक्ष, वय चोवीस,
मासे गोठवायच्या कारखान्यातला,
ज्याच्या पत्रकावर एकच शब्द होता: बाहेर.

नंतर तो पायरीवर सिगारेट ओढत होता, हात कापत होते.
म्हणाला, सार्वमताच्या दिवशी मी झोपून राहिलो,
रात्रपाळी होती.
ऑड्री म्हणाली, मी नव्हते झोपले, पोरा.
बाहेरच्याच चौकटीत फुली मारून आले होते,
पाऊस होता, नवे बूट भिजले.
आणि या महिन्यात नऊ दारं तोंडावर आपटली,
अजून आतच का म्हणून.

मग पर्समधून एक वही काढून तिने त्याच्या हातात ठेवली.
खड्डे, तुंबलेली गटारं, कुणाचं कुत्रं पिंडरी धरतं.
"एक्केचाळीसचं बघ. तार आतून गंजलीय.
तीन खात्यांना लिहिलं, तिघं एकमेकांकडे बोट दाखवतात."
तो वही उलटीच धरून उभा.

तीनला मी धक्क्यावरून घरी निघाले.
चाळीस नंबरचा उजेड, मग काळोख, मग बेचाळीस.
काळोखात थांबून पलीकडचं काही दिसतं का पाहिलं.
पाण्याचा आवाज तेवढा.
भरती की ओहोटी, तेही कळेना.

दाराला किल्ली लावली, ती फिरेना, घसरायला लागली,
तेव्हा ध्यानात आलं,
अंगठ्यावर रबरी टोपी तशीच होती.