हातचा एक

विजेच्या बिलामागे लिहिलेली यादी:
प्रोसेसर, सहा कोअरचा. मदरबोर्ड.
रॅम आठ-आठच्या दोन पट्ट्या, सोळाची एकटी नको,
दोघींनी ओढलं की भार कळत नाही.
एसएसडी. पॉवर सप्लाय. पडदा.
आणि तळाशी, दोनदा खोडून पुन्हा लिहिलेलं
ग्राफिक्स कार्ड.
बेरीज तेवीसशे लारी.
आमच्याकडे अठराशे.

माझे अकराशे बाप्तिस्म्यांचे:
रडणारी बाळं, ओल्या टाळू, मेणबत्त्यांचा तो पिवळेपणा
जो जुन्या लॅपटॉपवर मला कधी पुसता आला नाही.
बेसोचे सातशे बेकरीतले, पहाटे चारला मळलेल्या पिठाचे.
म्हणून तो म्हणे, कार्ड.
म्हणून मी म्हणे, पडदा, ज्याच्यावर लाल हा लालच दिसेल.
तीन रात्री आम्ही त्या पाचशेंवरून भांडलो
जे आमच्याकडे नव्हतेच.

मग बेसोने काचेची केस खोडली.
रंगीत दिव्यांचे पंखे खोडले, इतक्या जोरात
की बिलाच्या पुढच्या बाजूला आकडा फाटला.
बोर्डावर दोन खाचा रिकाम्या हव्यात, हे मात्र मी सोडलं नाही.
रिकामी खाच म्हणजे हातचा एक.
पॉवर सप्लायवर वाचवू, तो म्हणाला.
मी नुसतं खिडकीबाहेर बोट दाखवलं.
चियातुरात डोंगरावरून डोंगरावर दोरावरचे पाळणे जायचे,
आत आमची माणसं.
दोर स्वस्तातला घ्यावा का, हे इथे कुणी विचारत नाही.

तिबिलिसीच्या भुयारी वाटेतला रेवाजचा गाळा.
टेबलावर कार्डं, वांग्यांसारखी रचलेली.
"सगळी खाणीतून आलेली," तो म्हणाला, "म्हणून स्वस्त."
बाबा खोकी उचलायला आले होते, तोवर गप्प होते.
"खाण? कसली?"
रेवाजने समजावलं: नाणी खणतात, आकड्यांतून,
एका शेडमध्ये, रात्रंदिवस, सुट्टी नाही.
बाबांनी एक कार्ड उचललं,
करंगळीने पंखा फिरवला, कान जवळ नेला.
ठेवलं.
दुसरं. ठेवलं.
पाचव्याला म्हणाले, "हा."
मॅंगनीजची धूळ तीस वर्षं गिळलेल्या माणसाला
कुणात किती दम उरलाय ते ऐकू येत असावं.
घासाघीस त्यांनीच केली. चारशे दहा.

पडदा मिळाला बंद पडलेल्या एका स्टुडिओतला,
उजव्या कोपऱ्यात पांढरा डाग.
तिकडे नवरीचा पदर येऊ द्यायचा नाही, एवढंच.

स्वयंपाकघरात जोडणी. बाबा दाढीच्या ब्रशने
कार्डाच्या पात्यांमधली कुणाची तरी धूळ झाडत होते.
बटण दाबलं.
पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळा.
बेसोने सगळं उपसून पुन्हा बसवलं. काळा.
रॅम आलटून पालटून. काळा.
अठराशे लारी, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.
रात्री एकला मला आठवलं:
दीडशे वाचवायला आम्हीच आंधळा प्रोसेसर घेतला होता,
ज्याला कार्डाशिवाय काही दाखवता येत नाही,
आणि केबल खोचली होती बोर्डात.
दोन बोटं खाली, एवढीच चूक.

पहिला फोटो मी बाबांचा उघडला:
जुन्या पाळण्याच्या दारात उभे, चेहरा सावलीत, कोळशासारखा.
सावली उचलत गेले, हळूहळू.
आधी कपाळावरचा दिव्याच्या पट्ट्याचा वळ आला,
मग डोळे, मग चक्क हसू,
जे फोटो काढताना मला दिसलंच नव्हतं.
"हा कोण?" बाबा म्हणाले.
कार्डाचा पंखा जोरात घरघरला.
मागे स्टुलावर बेसो, हातात कंट्रोलर,
केव्हापासून ताटकळलेला.
बाबांनी पत्र्यावर तळवा ठेवला, गरम होता.
"थांब जरा. याची पाळी आत्ताच संपलीय."

बेसो थांबला.
चारला त्याचीही होती.