आडवं कापलेलं जायफळ

उद्या तोंडी. रात्रीचे साडेदहा, ग्रेनाडा,
पॅथॉलॉजी म्यूझियमच्या बरण्यांसमोर आम्ही चौघं,
आणि किल्लीवाला इग्नेशियस,
जांभया देतो, पण हाकलत नाही.

ऑल्डविन वाचतो, आम्ही ओळखतो.
फुप्फुसात चीज? क्षय.
हृदयाच्या आवरणावर लोणी-पाव? संधिवाताचा ताप.
अंडाशयात चॉकलेट? एंडोमेट्रिओसिस.
यकृतात अँकोव्हीची चटणी? अमीबा.
(अँकोव्ही आमच्यात कुणीच चाखलेली नाही.)
"ही नावं ठेवणारे," केझाया म्हणते,
"उपाशीपोटी मुडदे फाडत असणार."
हसण्यात पाच मिनिटं जातात.

मग बरणी सत्तेचाळीस.
जायफळी यकृत.
न्यू जर्सीचा ब्रेंडन कबूल करतो,
जायफळाची त्याने फक्त पूड पाहिलीय, डबीतली.

इग्नेशियस खिशात हात घालतो.
अडकित्ता नाही, पेनाचा चाकू;
जायफळ आडवं कापतो, बरणीला टेकवून धरतो.
तीच गडद नक्षी, तीच फिकट माती मधून मधून.

"वादळात आमची एकशेदहा झाडं आडवी झाली," तो म्हणतो.
"बापाने परत लावली.
सात वर्षं तरी कळत नाही, झाड नर की मादी.
पाचव्या वर्षी त्याला बूट होईनात.
तीन उशा घेऊन बसल्याबसल्या झोपायचा.
इथे, उजवीकडे, जड वाटतं म्हणायचा.
मी म्हटलं, रात्रीचं कमी जेव."

कुणी बोलत नाही.
पण बूट, उशा, उजवी बाजू:
चौघांच्याही डोक्यात टिकमार्क पडत गेलेले.
लाज वाटते. उत्तर मात्र आलेलं असतं.

केझाया हळूच सांगते,
उजवं हृदय दमलं की रक्त मागे तुंबतं,
यकृताच्या मधल्या शिरांपाशी साचून राहतं.
"म्हणजे दमलं हृदय," तो म्हणतो,
"आणि भरून आलं काळीज."
पुस्तकात हे एवढं थोडक्यात नाही.

"ही बरणी त्याची नव्हे," आम्ही विचारायच्या आत तो सांगतो,
"त्याला अख्खा पुरला."
आणि दिवे घालवायला लागतो, उलट्या क्रमाने,
शेवटच्या कपाटापासून.

दुसऱ्या दिवशी मला जायफळ आलंच नाही.
आलं मूत्रपिंड, गाठी मोजायच्या होत्या.
बरोबर मोजल्या.
ती नवी झाडं मादी निघाली का,
हे विचारायचं राहून गेलं.