स्वेच्छेने

तुम्ही विचारता, फरक पडतो का.
मांडीवर टॅबलेट, त्यावर पर्याय तीन:
होय, नाही, सांगता येत नाही.

बाई, मी एकोणीस वर्षं या काचेमागे बसते,
जॉर्जियातल्या मेकन गावात, रात्री अकरा ते सकाळी सात.
मी डॉक्टर नाही. नाव विचारते, जन्मतारीख,
मनगटाला पट्टी बांधते.
माझाही रंग तोच, पण काचेच्या या बाजूला
तो कुणाच्या लक्षात राहत नाही.

भिंतीवरची पाटी बघा:
पैसे असोत नसोत, इथे प्रत्येकाला तपासलं जाईल.
पाटी खोटी नाही.
कधी, तेवढं तिच्यावर लिहिलेलं नाही.

वर्लीन टिब्ज आली तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.
हायवेलगतच्या मोटेलात चादरी धुते. वय बावन्न.
डावा जबडा दुखतोय म्हणाली, आणि पाठ,
आणि घाम पुसला तो बाहीने,
हातात रुमाल असून.

नर्सने विचारलं, एक ते दहा, किती दुखतंय?
ती थांबली.
ते थांबणं मी ओळखते.
आमच्या आयांनी शिकवलंय ते:
दहा म्हणू नकोस, गोळ्यांसाठी आलीस म्हणतील,
तीन म्हणू नकोस, घरी जा म्हणतील.
स्वतःच्याच दुखण्याचा भाव
ती मनातल्या मनात ठरवत होती.
"सहा," म्हणाली.
नर्सने सहाच लिहिलं.
पुढे लिहिलं, रुग्ण शांत.

मग ग्रेडी हॉलंबेक आला, छपरं बांधणारा, मूतखडा घेऊन.
"पंधरा!" ओरडला.
सगळे हसले, मायेने हसले,
आणि चाकांची खुर्ची धावत आली.
मूतखडा वाईटच असतो, त्याचं दुखणं मी कमी लेखत नाही.
खुर्ची धावू शकते, एवढं मात्र मला त्या रात्री दिसलं.

विम्याचं आधी विचारायचं नाही, असा नियम आहे.
संगणकाला विचारावं लागत नाही, त्याला आठवतं:
मागच्या वेळचं बिल, थकलेलं, लाल अक्षरांत.
मी तिथे "माहिती घेणे बाकी" टाकलं.
पाप म्हणा, पुण्य म्हणा,
नोकरी जाईल म्हणून मोठ्याने बोलत नाही.
तो रकाना मी झाकला.
दुसरा ती चेहऱ्यावर घेऊन आली होती.

हेही लिहून घ्या, की त्या रात्री
हायवेवरून तीन अपघात आले,
आणि एक डॉक्टर कमी होता.
हे खरंच आहे.
दर रात्री असं काहीतरी खरं असतंच.

ती दोनदा काचेपाशी आली.
एकदा पाणी मागायला.
दुसऱ्यांदा विचारलं, "किती होतील?"
मला काय झालंय, असं नाही. किती होतील.
मी म्हटलं, ते अवलंबून असतं.
"हो ना," ती म्हणाली, "असतंच."

सव्वासहाला खुर्ची रिकामी.
सातला तिची पाळी सुरू होते.

न तपासता गेलेल्यांसाठी संगणकात
एकच ओळ आहे, निवडायची:
स्वेच्छेने निघून गेली.
तुम्ही मला तीन तरी पर्याय दिलेत.

खुर्चीवर ब्लँकेट होतं.
चार घड्या, कोपऱ्याला कोपरा,
शिवण आतल्या बाजूला.
इतकं नीट आमच्याकडे कुणी घालत नाही.

फोन लावला. घंटा, मग आवाज:
संदेशपेटी भरली आहे.

सातला सुटले ती मोटेलच्या रस्त्याने गेले.
मागच्या भिंतीतल्या नळीतून वाफ येत होती.
म्हणजे यंत्र चालू होतं.
कुणी चालू केलं,
ते विचारायला
मी गाडीतून उतरले नाही.