पालथी पाटी

शिशाच्या पाटीवर सगळं उलटं कोरावं लागतं.
उजवीकडून डावीकडे,
आरशातल्या माणसाने आपला भांग पाडावा तसं.
पाच दातांच्या फणीने आधी पाच रेघा,
मग एकेका स्वराला एकेक ठोका :
भरीव डोक्याचे, पोकळ डोक्याचे, शेपटीचे, बिनशेपटीचे.
मास्टर हाउशिल्ड म्हणायचे, हातोडी एकदाच.
दुसऱ्या ठोक्याने स्वर तोतरा होतो.

लाइप्सिगच्या त्या कारखान्यात बावीस कारागीर होते.
पंधरा साली उरले पाच : चार म्हातारे, एक लंगडा.
आणि मी, ओटीलिए, पाट्या पुसायला ठेवलेली.
सतरा हातोड्या खुंटीला
आणि काम दामदुप्पट.
मार्च, मार्च, आणखी एक मार्च.
दर आठवड्याला कुणीतरी नवी नदी ओलांडी,
कुणीतरी नवा किल्ला सर करी,
संगीत तेच. टाम-टा-टा, टाम.
वरचं शीर्षक बदललं की शिळी पाटी ताजी.

वुर्त्सेनचे शाळामास्तर नेस्टलर
पदरचे पैसे मोजून आपला मार्च छापायला आले.
फारसा बरा नव्हता. मधला भाग तर
चर्चमधलं भजनच, पायात बूट चढवलेलं.
पण पहिल्या ओळीच्या डोक्यावर त्यांना नावं हवी होती,
वरच्या वर्गातल्या अकरा पोरांची,
जी एका दुपारी गणिताचा तास सोडून भरतीला गेली.
'मीच सोडलं,' ते म्हणाले. 'तास माझा होता.'
मी अकरा नावं उलटी कोरली.

दुसऱ्या आवृत्तीला पोस्टकार्ड आलं :
ओस्वाल्डच्या नावाआधी क्रूस घालावा.
आल्विनच्याही.
ठशांच्या खोक्यात क्रूस नव्हता.
संगीताला तो लागत नाही.
शेवटी हाताला आला डबल शार्पचा ठसा,
तिरपी फुली, स्वराला दोन पायऱ्या वर चढवणारी.
जरासा फिरवून, उभा धरून ठोकला.
इतक्या दिवसांतली ही पहिली खूण
जिला उलटंसुलटं नव्हतं.
इकडून पाहा, तिकडून पाहा,
क्रूस तो क्रूस.

तिसरी आवृत्ती. चौथी.
कुणी वाजवत असेल असं वाटत नाही.
मास्तरच विकत घेत, मास्तरच घरोघर पोचवत.
कागद आखडला, मग पाठकोरा मिळेना,
पाचव्या आवृत्तीच्या पाठीवर चिकोरीच्या कॉफीची जाहिरात.
अकरांपैकी सात.
हात इतका बसला होता की आठव्याच्या वेळी
ठसा न बघताच बोटांत फिरला.
त्या रात्री मी जेवले. सलगमच होतं, पण जेवले.
हे सांगायचं राहून जायला नको.

सतरा साली, मार्चमध्ये, महिन्यात म्हणतेय मी,
मास्तर स्वतः आले, टोपी हातात चुरगळत.
आठवा, धाकटा गेर्नोट, जिवंत आहे.
युद्धकैदी. फ्रान्समध्ये कुठेशी रस्त्याची खडी फोडतो.
आईला त्याचं पत्र आलंय, अक्षर त्याचंच,
शुद्धलेखनाच्या चुकाही त्याच्याच.
'एक काढता येईल का?'

काढता येतो.
पाटी पालथी घालायची,
परकाराने नेमकी जागा पाठीवर उतरवायची,
आणि मागून, हलक्या हाताने, ठोके.
शिसं वर येतं.
जखम भरून येते तसं, असं म्हणणार होते,
पण जखमा मी पाहिलेल्या नाहीत.
शिसं वर येतं, एवढं माहीत आहे.
मास्तर शेजारी उभे,
दर ठोक्याला डोळे मिटत होते.
मग खरवडणी, मग घोटणी, मग तेलाचं बोट.

जागा पुरती सपाट कधी होत नाही.
पुढच्या प्रत्येक प्रतीत, गेर्नोटच्या नावाआधी,
एक फिकट राखाडी डाग.
छापणारा लंगडा म्हणाला,
शाई नीट पुसली नाहीस.
म्हटलं, नाही पुसली.